१८० जीबीच्या ड्रोन फोटोंसाठी कोणती वेब होस्टिंग घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: चार खरीप हंगामांत सोयाबीनच्या प्लॉटचे ड्रोनने काढलेले फोटो मिळून १८० जीबी झालेत, ते इतर संशोधकांना मोकळेपणाने द्यायचेत, आणि वर्षाला पाच-सहा हजारांत बसेल अशी होस्टिंग हवी आहे. मी परभणीत याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोटोंसाठी होस्टिंग घेऊच नका. माहितीचं पान एकीकडे ठेवा, डेटा दुसरीकडे.

आम्ही दोन्ही एकत्र ठेवलं होतं. ‘अनलिमिटेड’ लिहिलेला स्वस्तातला शेअर्ड प्लॅन घेतला आणि रात्री जागून फायली चढवल्या. तिसऱ्या महिन्यात खातं बंद. अटी उघडून पाहिल्या तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं की जागा वेबसाइट चालवण्यासाठी आहे, फायली साठवण्यासाठी नाही. अशा एका सर्व्हरवर कितीतरी साइट असतात. तुमची मोठी फाइल दहा जणांनी एकदम उतरवायला घेतली की बाकीच्या साइट रांगायला लागतात. आणि खातं बंद झालं नसतं तरी पुढे बिलाचा प्रश्न होताच. प्रोजेक्ट संपतो, खातं सांभाळणारा मुलगा पीएचडी करून निघून जातो, रिन्यूचा मेल त्याच्या जुन्या आयडीवर जात राहतो. पेपरात छापलेली लिंक मग कायमची मेली.

ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउडवर ठेवणं परवडतं, पण बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागतात. महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, त्यापुढे जीबीमागे साधारण ९ ते ११ सेंट. दहा जणांनी तुमचा अख्खा संच एकाच महिन्यात उतरवला तर १८०० जीबी झाले, म्हणजे दीडशे डॉलरच्या वर बिल. डेटा जितका लोकांच्या कामी येईल तितकं बिल जास्त, हे मला पटत नाही.

माझी पसंती झेनोडोला, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवून सगळ्यांना देण्याच्या साइटला. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेने ते २०१३ मध्ये सुरू केलं. पैसे लागत नाहीत. एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फायली बसतात, आणि प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो, म्हणजे पेपरात देता येईल असा कायमचा पत्ता. तुमचे चार हंगाम म्हणजे चार नोंदी करा. ज्याला फक्त एकाच वर्षाचे फोटो हवेत त्याला १८० जीबी ओढावे लागणार नाहीत.

सगळ्याची एक मोठी झिप करू नका, एका उड्डाणाची एक झिप करा. फोटो आधीच दाबलेले असतात, झिपने आकार फारसा कमी होत नाही. ती फक्त हजारो फायली एकत्र बांधण्यासाठी. आपल्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. अमेरिकेतल्या लायगोचा खुला डेटा बघा, तो ४०९६ सेकंदांची एक फाइल अशा तुकड्यांत दिलेला आहे. हवा तेवढाच उचलायचा.

तुकड्यांचं दुसरं कारण आपली लाईट. २० एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तरी १८० जीबी चढायला २० तास लागतात. आमची ४१ जीबीची एक फाइल ३८ वर होती, लाईट गेली, राउटर बंद, आणि परत शून्यापासून. तेव्हापासून दोन-तीन जीबीच्या वरची झिप मी करत नाही.

चढवण्याआधी प्रत्येक झिपवर ‘शा२५६सम’ (sha256sum) ही कमांड चालवा. ती फाइलचा एक ठसा काढते, फाइल जराही बदलली की तो बदलतो. येणारे आकडे-अक्षरं एका साध्या टेक्स्ट फायलीत ठेवून तीही सोबत द्या. नांदेडच्या एका मित्राने आमची झिप उतरवली, उघडली, तर शेवटचे फोटो अर्धे करडे. आकडा ताडून पाहिला तर जुळेना. मूळ फाइल ठणठणीत होती, त्याचं डाउनलोड मध्ये तुटलं होतं. ती टेक्स्ट फाइल नसती तर आमच्याच डेटात खोट आहे असं त्याने धरलं असतं, आणि मीही.

माहितीच्या पानासाठी गिटहब पेजेस ही साधी वेबपानं ठेवायची सेवा पुरते, तीही फुकट. त्यावर प्लॉटची माहिती, वाण, पेरणीची तारीख, कॅमेरा आणि चारही डीओआय द्या.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका. ड्रोनच्या फोटोत बहुधा जीपीएसची नोंद असते, म्हणजे शेत कुणाचं ते कळतं. शेतकऱ्याच्या शेतातले फोटो असतील तर त्यांना घरी जाऊन, समजावून सांगून लेखी परवानगी घ्या. फोल्डरच्या नावांतून नाव, मोबाईल, गट नंबर काढून टाका. हे सगळं ‘पब्लिश’ दाबण्याआधी व्हायला हवं, कारण नंतर त्या नोंदीतल्या फायली सहज बदलता येत नाहीत. दुरुस्ती नवीन आवृत्ती म्हणून जाते आणि जुनी तिथेच राहते.

आधी एकाच उड्डाणाची छोटी नोंद करून बघा, आणि गावाकडच्या कुणाला तरी मोबाईलच्या नेटवर ती उतरवायला सांगा. कुठे अडलं तर इथेच लिहा, मी बघतो.