फॉल लावलेली साडी परत होते का?

प्रश्न : ताई, मुलीच्या डोहाळजेवणासाठी 6,400 रुपयांची सेमी-पैठणी घेतली. फॉल-पिकोला टाकली, तर त्या बाईंनीच फोन करून बोलावलं. पदरापासून हातभर आत, चार बोटांच्या पट्ट्यात वीण इतकी विरळ, की पलीकडचं बोट दिसतं. दुकानदार म्हणतो, फॉल लागला म्हणजे साडी वापरलेली. बिलावरही छापलंय, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. फार तर तीन महिन्यांची क्रेडिट नोट देईन, म्हणाला. साडी घेऊन अकरा दिवस झालेत. काय करू? – एक वाचक, मिरज

उत्तर : क्रेडिट नोट घेऊ नका. निदान इतक्यात तरी नको.

ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला बसण्याआधी मी एकोणीस वर्षं साड्यांच्या दुकानात काउंटरवर होते, पुण्यात. तुमच्या बिलावर छापलेली ओळ आमच्याही बिलबुकावर होती, लाल अक्षरात. मालकांची शिकवण साधी होती : आवाज चढवणारं गिऱ्हाईक असेल तर साडी बदलून द्या, गरीब दिसलं तर लाल ओळीवर बोट ठेवा. मीही ते बोट कितीतरी वेळा ठेवलंय. म्हणून सांगते, त्या ओळीत वाटतो तेवढा जीव नसतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. साडीत काहीच खोट नाही, पण घरी नेल्यावर रंग आवडला नाही किंवा नणंदेकडे तशीच निघाली, तर ती परत घ्यायची की नाही हा दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न. तिथे दुकानाचा नियम चालतो, आणि तो पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यायचा. साडीच सदोष असेल तर मात्र गोष्ट कायद्यावर जाते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो, की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. ‘परत घेणार नाही’ ही काही मुदत नव्हे. असले शिक्के ग्राहक आयोगांनी अनेकदा धुडकावले आहेत. तुमचे तर अकराच दिवस झालेत.

आता फॉलचं. दुकानदाराच्या बाजूनेही दोन शब्द बोलते, कारण ते दुखणं मी पाहिलंय. लग्नसराईत सोमवारी सकाळी साड्या परत यायच्या. घडी नीट, टॅग जागेवर. आम्ही साडी खांद्याच्या जागी उजेडात धरायचो. पिनेची दोन बारीक भोकं दिसली की समजायचं, बाई मिरवून आल्यात. कधी निऱ्यांच्या तळाशी हळदीचा डाग असायचा, कधी नुसता अत्तराचा वास. अशा अनुभवांनी दुकानदार कावलेला असतो आणि मग खऱ्या तक्रारीवरही तेच औषध मारतो. पण तुमच्या साडीचा दोष वीण धरल्यापासूनचा आहे. फॉल खालच्या काठाला लागतो, त्याने पदराजवळची वीण विरळ होत नाही.

फॉल उसवू नका, साडी धुऊ नका, इस्त्रीही नको. खिडकीशी धरून, मागून उजेड येईल असा त्या पट्ट्याचा फोटो काढा. मोजपट्टी शेजारी ठेवा. फॉल-पिकोवाल्या बाईंकडून दोन ओळी लिहून घ्या, की साडी हातात आली तेव्हाच हे दिसलं. मग दुकानाला लेखी द्या : बिल क्रमांक, तारीख, दोष आणि ‘6,400 रुपये परत हवेत’. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी चालेल, पण तोंडी नको. काउंटरवर बोललेलं काउंटरवरच राहतं.

नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती दुकानापर्यंत पोचली की बरेच जण नरमतात. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, पण साडी तोवर कपाटात घडीवर जीर्ण व्हायची. याच आठवड्यात हलवा.

प्रश्न : ताई, ऑनलाइन कुर्ता मागवला. फोटोत बॉटल ग्रीन, आला तो पोपटी, आणि लिहिलेलं सुती कापड प्रत्यक्षात पॉलिएस्टर निघालं. ॲपवर ‘नॉन-रिटर्नेबल’ दाखवतंय. – कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : रंगावर भांडू नकोस, कापडावर भांड. मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलून दिसतो म्हणून विक्रेता निसटेल. सुती लिहून पॉलिएस्टर पाठवलं, इथे त्याला पळवाट नाही. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, मग पानावर काहीही लिहिलेलं असो. वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढ, ती पानं गुपचूप बदलतात. कुर्त्याच्या आतल्या लेबलाचाही फोटो घे. मग चॅटवरच्या यंत्राशी बोलत न बसता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल कर. नाव आणि पत्ता साइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा, असा नियम आहे. आणि हो, कुर्ता मैत्रिणीच्या वाढदिवसाला एकदा घालून बघायचा मोह आवर. पिनेच्या भोकांचं वर लिहिलंच आहे.

प्रश्न : मिक्सर सहा महिन्यांत बंद पडला. वॉरंटी आहे, पण बिलच कोरं झालंय! – एक वाचक, चिपळूण

उत्तर : थर्मल कागदाचं बिल होतं ते. उन्हाने, उष्णतेने, प्लॅस्टिकच्या पाकिटातही अक्षरं उडतात. घाबरू नका. यूपीआय किंवा कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीत तारीख, रक्कम आणि दुकान सापडेल. ती घेऊन दुकानात जा आणि बिलाची दुसरी प्रत मागा, त्यांच्या संगणकात असते. तुमचा मोबाइल नंबर खरेदीच्या वेळी दिला होता का, तेही आठवा, त्यावरून पटकन निघते. रोख दिले असतील तर वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का बघा. माझ्या घरी फ्रिजचं बिल मी झेरॉक्स काढून फ्रिजच्याच मागे चिकटवलंय. सून हसते.