लग्नाची कॅसेट आणि फोर-केचा मोह

प्रश्न : आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मी व्हीसीआरला स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर जोडून १०८० रेषांमध्ये उतरवली, तरी हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीचे दाते दिसतात आणि तळाशी एक पट्टी थरथरते. कॅसेट खराब झाली आहे का? एआयने फोर-के प्रत करून कॅसेट टाकून द्यावी का? २०१९च्या महापुरात भिजलेली आणखी एक कॅसेटही घरात आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही खुणा कॅसेट बिघडल्याच्या नाहीत. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या, एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचे बनते. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवीत असे, संगणक मात्र दोन्ही एकदमच दाखवतो, म्हणून दाते दिसतात. ते डीइंटरलेसिंगने, म्हणजे अर्ध्या चित्रांपासून पूर्ण चित्रे बनवून, शक्यतो सेकंदाला ५० चित्रे ठेवून, घालवता येतात. परंतु कन्व्हर्टरने पालच्या ५७६ रेषा ताणून १०८० केल्या की दोन्ही अर्ध्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि मग त्या सुट्या करणे जवळजवळ अशक्य होते. तळाची पट्टी व्हीसीआरचे एक हेड (टेप वाचणारा भाग) थांबून दुसरे सुरू होते तेथे उमटते. पूर्वी ती टीव्हीच्या चौकटीआड झाकली जाई.

म्हणून कॅसेट पुन्हा उतरवावी : ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (अर्धी चित्रे तशीच ठेवून), एफएफव्ही१सारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात. तासाला वीसेक जीबी किंवा त्याहून अधिक जागा जाईल, ती जाऊ द्यावी. उभ्या रेषा वाकड्या डोलत असतील, तर टाइम बेस करेक्टर (रेषांची वेळ सुधारणारे उपकरण) उतरवतानाच मध्ये जोडावा. ती उणीव नंतर सॉफ्टवेअरने नीट भरून निघत नाही. पट्टी मात्र मूळ फाइलमध्ये तशीच ठेवून फक्त नातेवाइकांना द्यायच्या प्रतीत कापावी.

व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. फोर-केमधला उरलेला तपशील एआय अंदाजाने रचते आणि मागच्या रांगेतल्या मावशींना भलताच चेहरा मिळतो. ठिपके पुसणारे फिल्टर तर मंगलाष्टकांच्या वेळी उडालेल्या अक्षताही दोष समजून पुसून टाकतात. हौस असल्यास हे प्रयोग प्रतीवर करावेत. कॅसेट टाकू नये, कारण उद्या अधिक चांगला व्हीसीआर मिळाला तर तीच कामी येईल.

भिजलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नये. तिच्यावरचा गाळ वा बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. ती टेपच्या स्वच्छतेचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडेच द्यावी आणि तोवर इतर कॅसेटपासून वेगळी ठेवावी.