वाचकांचे प्रश्न : मुंबईचा पियानो सोलापुरात

प्रश्न : मुंबईच्या नातेवाइकांचा जुना उभा पियानो आम्ही घेतला आहे. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर चढवायचा आहे. पेटी आणतो तसा टेम्पोत गादीवर आडवा टाकून आणला तर चालेल का? आल्या आल्या ट्यून करून घ्यावा का?

उत्तर : आडवा टाकू नका. उभ्या पियानोचं वजन 200 ते 250 किलो, आणि त्यातलं बरंचसं पाठीकडे, कारण बिडाची चौकट तिथे असते. सुमारे 230 तारांचा 15 ते 20 टन ताण तीच पेलते. त्यामुळे पियानो कलंडतो तो मागे, आणि हमाल हात घालतात पुढच्या पायांना! ते पाय धरून उचललं की मोडतात. बुडाची चाकंही खोलीत सरकवण्यापुरतीच. उंबऱ्यावर ती वाकतात. ट्रॉली आणि किमान चार माणसं लागतील. जिन्याचं वळण आधी टेपने मोजा : पियानो साधारण 5 फूट लांब, 2 फूट खोल असतो.

पट्ट्यांवरचं झाकण बंद करून आधी गोधड्या गुंडाळा, प्लॅस्टिक त्यावर. थेट लाकडावर प्लॅस्टिक घातलं की आत घाम धरतो, पॉलिश जातं. सोलापुरी चादर घरात असेलच, पण इकहेरी चादर धक्का खात नाही; चौघडी करून कोपऱ्यांना लावा. टेम्पो बंद बॉडीचा घ्या. पियानो उभाच, पाठ केबिनमागच्या भिंतीला टेकवून रॅचेट बेल्टने आवळा. गाडीच्या मागच्या टोकाला हादरे जास्त बसतात.

खरा धोका मात्र रस्त्यात नाही, हवेत आहे. मुंबईच्या दमटपणाने फुगलेला साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची आवाज मोठा करणारी लाकडी फळी, आपल्या उन्हाळ्यात आकसतो, त्याची कमान उतरते, तारा सैलावतात आणि सूर उतरतो. तारा ताणणाऱ्या खुंट्या ज्या लाकडात रोवलेल्या असतात तेही आकसतं; मग पिळलेली खुंटी टिकत नाही. म्हणून मार्च ते मे टाळा. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन्हीकडच्या हवेतलं अंतर कमी असतं, लाकूड हळूहळू वाळतं. ताडपत्री तेवढी हवीच.

ट्यूनिंग तीन-चार आठवड्यांनी. सूर फार उतरला असेल तर दोन फेऱ्यांत चढवायला सांगा. एका दमात ओढल्यास जुन्या, गंजलेल्या तारा तुटतात. आणि कूलरचा झोत पियानोवर नको : चालू असताना लाकूड ओल धरतं, बंद केला की वाळतं, असं रोज. साधा आर्द्रतामापक शेजारी ठेवा. काटा 45 ते 60 टक्क्यांत राहिला तर ठीक.