झोपेची गोळी सोडताना

प्रश्न : चार वर्षांपासून मी डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलामची गोळी घेऊन झोपतो. मागच्या आठवड्यात ती एकदम बंद केली, तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि चहाचा कप धरताना हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री गोळी पुन्हा घेतली. ही आता सुटणारच नाही का?

उत्तर : सुटेल; मात्र पुन्हा असे अचानक बंद करू नका, ही कळकळीची विनंती. मेंदूला या औषधाची सवय झालेली असते, ते एकाएकी तोडल्यास फिटचे झटकेही (आकडी) येऊ शकतात. त्या दोन रात्रींचे जागरण ही बहुधा औषध तुटल्याची प्रतिक्रिया होती, तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. डॉक्टर सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी उतरवतात आणि त्रास वाढल्यास त्याच पायरीवर थांबतात, त्यामुळे यात कित्येक महिने जाऊ शकतात. दिवसाआड गोळी घेणे सोपे वाटते, पण त्याने रक्तातील औषधाची पातळी वरखाली होते. मद्य पूर्ण टाळा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, आणि निद्रानाशावरील वर्तनोपचारांविषयी, म्हणजे झोपेच्या सवयी बदलणाऱ्या उपचारांविषयी, डॉक्टरांना आवर्जून विचारा.