जळीत कक्षाचा मृत्युदर मोजताना भागाकारात खाली कोण आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा: प्रबंधासाठी दोन जळीत कक्षांची आकडेवारी हाताशी आहे, पहिल्याचा मृत्युदर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. मग दुसरा कक्ष चांगला म्हणायचा का? आणि गंभीर भाजलेले किती वाचतात, किती दगावतात हे नेमकं मोजायचं कसं?

मी काही वर्षं एका जळीत कक्षाच्या नोंदी सांभाळल्या आहेत. मी डॉक्टर नाही, आकडेवारीचं काम करणारा माणूस आहे, त्यामुळे मोजण्यापुरतंच बोलतो. दुसरा कक्ष चांगला असेलही. पण तुमच्या हातातल्या आकड्यांवरून ते अजून ठरत नाही.

समजा वर्षभरात 100 गंभीर रुग्ण दाखल झाले. 30 वॉर्डात दगावले, 50 बरे होऊन घरी गेले आणि 20 जणांना नातेवाइकांनी डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलं. वॉर्डात याला ‘डामा’ म्हणतात. आता मृत्युदर काढा. 100 ने भागलं तर 30 टक्के. डामा वगळून 80 ने भागलं तर 37.5 टक्के. ते वीसही जण घरी जाऊन दगावले असतील तर 50 टक्के. आणि कोणी म्हणालं, की पहिल्या 24 तासांत गेलेल्या 10 जणांवर उपचार करायला वेळच मिळाला नाही, त्यांना मोजूच नका, तर 90 पैकी 20, म्हणजे 22 टक्के. वही तीच आणि माणसंही तीच. तुमच्या दोन कक्षांत दिसणारा फरक एवढ्यानेच पडलेला असू शकतो.

डामाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या वार्षिक अहवालात हे रुग्ण ‘इतर’ या रकान्यात जायचे. एका वर्षी मी हट्टाने त्यांच्या घरी फोन लावायला घेतले. बरेच नंबर लागले नाहीत. जे लागले, त्यांतल्या बहुतेक घरांतून ‘गेले’ हेच उत्तर आलं. एका घरी फोन घेणाऱ्या बाईंनी मलाच विचारलं, ‘तुम्ही आत्ता का विचारताय?’ त्या दिवसापासून ‘इतर’ हा शब्द मी कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नाही. पैसे संपले, आशा संपली, शेवटचे दिवस घरी जावेत असं वाटलं, कारण काहीही असो, हे रुग्ण साधारणपणे सर्वांत जास्त भाजलेले असतात. त्यांना वगळणं म्हणजे मृत्यूच वगळणं.

दुसरा प्रश्न मोजणी कुठे थांबवायची याचा. ‘30 दिवसांतला मृत्यू’ हे माप हृदयविकारासाठी ठीक आहे, भाजण्यासाठी तोकडं पडतं. वाचणारा रुग्ण जितके टक्के भाजला असेल साधारण तितके दिवस रुग्णालयात राहतो, असा जुना ठोकताळा आहे. 60 टक्के भाजलेला माणूस तिसाव्या दिवशी खाटेवरच असतो. सुरुवातीचे मृत्यू बहुधा शॉकने (विजेचा धक्का नव्हे, रक्ताभिसरण कोलमडणं) किंवा धुराने श्वसनमार्ग होरपळल्याने होतात. नंतरचे होतात जंतुसंसर्गाने आणि एकेक अवयव निकामी होत गेल्याने. तिसाव्या दिवशी वही मिटली, की या नंतरच्या मृत्यूंपैकी काही बाहेर राहतात. 90 दिवसांपर्यंत पाठपुरावा करता आला तर तोच करा.

तुम्ही कापलान-मायर वक्र, म्हणजे दिवसागणिक किती टक्के रुग्ण जिवंत उरले हे दाखवणारी रेघ, काढणार असाल तर इथे खरा सापळा आहे. 1958 सालची ही पद्धत आहे आणि तिचं एक गृहीतक असं, की ज्याचा माग मध्येच सुटला त्याचं पुढचं नशीब अजून निरीक्षणात असलेल्यांसारखंच असतं. जळीत कक्षात हे सरळ खोटं ठरतं. जखमा भरल्या म्हणून घरी गेलेला आणि चाळिसाव्या दिवशीही व्हेंटिलेटरवर असलेला, या दोघांचा धोका सारखा कसा असेल? डिस्चार्ज म्हणजे ‘माग सुटला’ असं धरलं तर शेवटी खाटेवर चारच जण उरतात, त्यांतला एक जातो आणि वक्र जिथे होता तिथून एकदम पाव हिश्शाने खाली येतो. वाचकाला वाटतं इथे कोणी वाचतच नाही. म्हणून बरं होऊन घरी जाणं ही मृत्यूशी स्पर्धा करणारी वेगळी घटना धरा आणि मृत्यूची संचित शक्यता, म्हणजे त्या दिवसापर्यंत एकूण किती टक्के दगावले, ती काढा. आकडेवारीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. सगळ्यांचा 90 दिवस माग ठेवता आला तर हा पेचच येत नाही.

आता तुलनेकडे. एका कक्षात गरम पाण्याने भाजलेली मुलं जास्त आणि दुसऱ्यात बंद खोलीतल्या आगीतून काढलेले म्हातारे जास्त, तर नुसते दर शेजारी ठेवून काय कळणार? यासाठी बॉ स्कोअर आहे, सर्ज बॉ या फ्रेंच डॉक्टरने 1961 मध्ये मांडलेला: वय अधिक भाजलेले टक्के, बेरीज जितकी मोठी तितका मृत्यूचा धोका जास्त. पुढे सुधारित रूपात श्वसनमार्गाला इजा असेल तर त्यात 17 मिळवू लागले. तीस वर्षांचा, 40 टक्के भाजलेला रुग्ण म्हणजे 70, धूरही आत गेला असेल तर 87. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या 1665 रुग्णांच्या अभ्यासात तीनच गोष्टी धरल्या होत्या: वय 60 च्या पुढे, भाजणं 40 टक्क्यांहून जास्त आणि श्वसनमार्गाला इजा. यांतलं एकही नसेल तर मृत्यूचा अंदाज 0.3 टक्के, एक असेल तर 3, दोन असतील तर 33 आणि तिन्ही असतील तर सुमारे 90. अशा एखाद्या पद्धतीने प्रत्येक कक्षात किती मृत्यू अपेक्षित होते ते काढा आणि प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंना त्याने भागा. हा भागाकार तुलनेला धरता येतो, तोही विश्वासार्हतेच्या पट्ट्यासकट, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते सांगून. 30 गंभीर रुग्णांत एकही मृत्यू नाही म्हणजे धोका शून्य असं नव्हे, खरा दर 10 टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

पण हा सगळा डोलारा ‘किती टक्के भाजला’ या आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा रात्री दोन वाजता घाईत लिहिलेला असतो. नुसती लाल झालेली त्वचा मोजायची नसते, तरी मोजली जाते. शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग पाडून मोजायचा नियम प्रौढांसाठी आहे, लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं असतं, त्याला वयानुसार अवयवांचे टक्के देणारा लुंड-ब्राउडर तक्ताच हवा. टक्के फुगवून लिहिले की अपेक्षित मृत्यू वाढतात आणि कक्ष आहे त्याहून चांगला दिसतो. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी पुन्हा मोजलेला आकडा वापरा.

‘त्वचारोपण झालेले जास्त जगतात’ असं वाक्य प्रबंधात येणार असेल तर थांबा. सहाव्या दिवशी ज्याचं रोपण झालं, तो मुळात सहा दिवस जगला होता. दुसऱ्या दिवशी गेलेल्याला ती संधीच नव्हती. जळलेली त्वचा लवकर काढून रोपण करण्याचा फायदा खरा आहे, 1970 मध्ये स्लोव्हेनियाच्या शल्यविशारद झोरा यांझेकोविच यांनी ही वाट दाखवल्यापासून उपचारच बदलले. पण तुमच्या आकड्यांतून तो दाखवायचा असेल तर रोपणाच्या दिवसापर्यंत त्या रुग्णाला ‘रोपण न झालेला’ म्हणूनच मोजावं लागेल.

अजून नोंदी गोळा करत असाल तर भाजल्याची वेळ आणि दाखल झाल्याची वेळ वेगवेगळी लिहा, दोन दिवसांनी दुसरीकडून पाठवलेला रुग्ण ते दोन दिवस जगूनच आलेला असतो. डामा आणि दुसरीकडे पाठवलेले यांचे स्वतंत्र रकाने करा. आणि दाखल करतानाच दोन नातेवाइकांचे फोन नंबर घ्या. रुग्णाचा स्वतःचा फोन पुष्कळदा आगीतच गेलेला असतो.