जुन्या सायकलीला बसवायला विंटेज दिसणारं इंजिन कोल्हापुरात कुठं मिळेल?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबांची 28 इंची डबल बार सायकल घरात आहे, तिला 1940-50 च्या काळातलं वाटेल असं छोटं इंजिन बसवायचंय. ऑनलाइन जे कीट दिसतात ते एकतर चायनाचे आणि दिसायला ओबडधोबड, नाहीतर अमेरिकेतले आणि परवडण्यापलीकडचे. मग कोल्हापुरात काय मिळेल?

मी उद्यमनगरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीच्या, मागच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो. अशी एक सायकल स्वतः बांधली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्हाला हवं तसं नवं इंजिन दुकानात तयार मिळणार नाही. पण जुनं रूप घडवून घ्यायचं असेल तर कोल्हापूरसारखं गाव नाही. आतलं यंत्र आजचं घ्या आणि बाहेरचं अंग इथल्या फौंड्रीतून ओतून घ्या. ते कसं, हे खाली सांगतो. त्याआधी कायद्याचं बघू, कारण इंजिन कोणतं घ्यायचं ते त्यावरच ठरतं.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 2(28) बघा. चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ते वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही. 25 च्या वर गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बांधलेल्या सायकलीची नोंदणी करून घेणं जवळपास अशक्य. फोटोत दिसणारी देखणी इंजिनं 49 सीसी, 79 सीसी, काही तर 212 सीसीची असतात. ती आपल्या कायद्याच्या हिशेबानं बनलेली नाहीत. 80 सीसी म्हणून विकलं जाणारं चायनाचं टू-स्ट्रोक कीट प्रत्यक्षात 66 सीसीच्या आसपास भरतं. आपल्या रस्त्यावर यातलं काहीच चालत नाही.

25 सीसी म्हणजे खेळणं, असं वाटत असेल तर इतिहास बघा. 1950 साली इंग्लंडात सायकलमास्टर नावाचं चाकच विकायला आलं. सायकलीचं मागचं चाक काढायचं आणि हे बसवायचं, इंजिन चाकाच्या आतच. ते होतं 25.7 सीसीचं! इटलीचं गॅरेली मोस्किटो 38.5 सीसीचं, फ्रान्सचं व्हेलोसोलेक्स सुरुवातीला 45 सीसीचं. महायुद्धानंतर पेट्रोल आणि पैसा दोन्ही कमी असताना लोक यावर कामाला जात. म्हणजे लहान इंजिन हेच त्या काळाचं खरं रूप आहे. मोठं इंजिन लावलं की सायकल जुनी दिसत नाही, अर्धवट मोटारसायकल दिसते.

आता भंगारातल्या पर्यायांबद्दल, कारण सगळे आधी तिकडंच जातात. 1972 ला आलेली लुना, सुवेगा, आपल्या किर्लोस्कर-घाटगे पाटलांची लक्ष्मी मोपेड, यांची इंजिनं अजून शोधली तर सापडतात. सिलिंडरचे उघडे पंख (हवेनं थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) बघून जीव हरखतो, हे मान्य. पण ती 50 सीसीच्या घरातली. सायकलीत घातली की रस्त्यावर ती बेकायदाच. त्यापेक्षा कागदपत्रांसकट अख्खी मोपेड मिळाली तर तिलाच नीट करा, तो वेगळा आणि तितकाच चांगला नाद आहे. श्रीराम होंडाच्या जुन्या रॉकेलवरच्या जनरेटरचं इंजिनही काही जण सुचवतील. सायकलीला ते फार जड होतं.

मी घेतलं ते होंडाचं जीएक्स 25. ग्रास कटरवर येतं ते. फोर-स्ट्रोक, 25 सीसी, वजन साधारण तीन किलो, ताकद सुमारे एक एचपी. शेती अवजारांच्या दुकानात गेलात की दुकानदार जीएक्स 35 पुढं करतो, कारण खप त्याचा जास्त. ते 35.8 सीसीचं आहे, घेऊ नका. इंजिनावरची प्लेट वाचून घ्या आणि पक्कं बिल घ्या. ते बिल सायकलीवर कायम जवळ असू द्या, रस्त्यात कोणी अडवलं तर तोच तुमचा पुरावा.

या इंजिनाचे दोन गुण आपल्या कामाचे. एक, ते कसंही तिरकं ठेवलं तरी चालतं, त्यामुळं पुढच्या तिरक्या नळीला समांतर झुकवून जुन्या गाड्यांसारखी ठेवण साधता येते. दुसरा, त्याचा कार्ब्युरेटर डायफ्रामचा, म्हणजे हलणाऱ्या पातळ पडद्याचा आहे. पेट्रोल तो स्वतः ओढून घेतो, म्हणून टाकी खाली-वर कुठंही चालते. फक्त टाकीला दोन नळ्या ठेवायच्या, एक जाणारी आणि एक प्रायमरमधून (सुरू करण्याआधी दाबायच्या फुग्यातून) परत येणारी. पत्र्याचं काम करणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर नंतर टाकी परत उघडावी लागते.

अडचण एकच: ते दिसतं प्लास्टिकच्या डब्यासारखं. इथं मी मोठी चूक केली. वरचं कव्हर काढून टाकलं, कारण खाली सिलिंडरचे पंख दिसत होते आणि छान वाटत होते. रंकाळ्याची दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत इंजिन जाम. ते कव्हर शोभेचं नसतंच. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा तेच सिलिंडरवर वळवतं. ते गेलं की हवा इकडंतिकडं सुटते आणि पिस्टन तापून चिकटतो. नवं सिलिंडर आणि पिस्टन टाकेपर्यंत दोन महिने गेले.

मग मूळ कव्हर घेऊन एका पॅटर्नवाल्याकडं, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याकडं गेलो. आतला आकार मिलिमीटरही न बदलता बाहेरून पंख काढायचे, असं त्याला सांगितलं. त्यानं आधी कागदावर काढून दाखवलं, मग सागवानाचा पॅटर्न केला. ॲल्युमिनियम थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण सव्वा मिलिमीटर आकसतं, त्या हिशेबानं पॅटर्न तेवढा मोठा धरतात. पंख मुळाशी जाड आणि टोकाला पातळ ठेवावे लागतात, नाहीतर पॅटर्न वाळूतून उचलताना साचा फुटतो. भिंत चार मिलिमीटरच्या खाली आणू नका. वाळूच्या साच्यात त्याहून पातळ जागेत धातूचा रस पोचायच्या आत थिजतो. पहिलं कास्टिंग एका कोपऱ्यात भरलंच नव्हतं, दुसरं नीट आलं. ते ब्लास्टिंग करून (दाबानं बारीक कण मारून साफ करून) घेतलं, पॉलिश अजिबात केलं नाही. त्या काळच्या इंजिनांवर वाळूचा खरखरीतपणा दिसायचा, आणि खऱ्या-खोट्यातला फरक डोळ्याला तिथंच कळतो. आपल्याकडं ऑइल इंजिनं ओतणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. हे काम त्यांना नवीन नाही, फक्त एकाच नगासाठी वेळ काढायला लावावा लागतो. सुगीच्या किंवा मोठ्या ऑर्डरीच्या दिवसांत जाऊ नका.

चाकाला गती द्यायचे मार्ग तीन. टायरवर घासणारा रोलर सगळ्यात सोपा, व्हेलोसोलेक्सवर तोच होता. पण कोल्हापूरच्या पावसात ओल्या टायरवर तो घसरतो. साखळी चालते, पण स्पोकांना चिमटून बसवलेलं चक्र स्पोक तोडतं. मी बेल्ट घेतला. अमेरिकेत 1939 ला निघालेलं व्हिझर हे 138 सीसीचं सायकल-इंजिन पुढं बेल्टवरच प्रसिद्ध झालं, आणि दिसायलाही बेल्ट सगळ्यात जुना वाटतो. 7,000 फेऱ्यांना ताशी 30 किलोमीटर हवे असतील तर 28 इंची चाकाला इंजिनाच्या फेऱ्यांत साधारण 31 पट घट लागते. मी ती दोन टप्प्यांत केली: आधी टायमिंग बेल्टनं चारपट, मग 50 मिलिमीटरच्या पुलीवरून चाकाच्या 400 मिलिमीटर पुलीवर आठपट. दुसऱ्या टप्प्याला झेड सेक्शनचा, म्हणजे अरुंद मापाचा व्ही-बेल्ट घ्या. त्याहून रुंद ए सेक्शन इतक्या लहान पुलीवर लवकर चिरतो. सपाटीला मजेत जाते. ज्योतिबाच्या चढाला पायडल मारावंच लागतं.

1946 साली सोइचिरो होंडांनी लष्कराच्या वायरलेस जनरेटरची उरलेली इंजिनं सायकलींना लावून विकली होती. पेट्रोलच्या टाकीसाठी त्यांनी गरम पाण्यानं अंथरूण ऊबदार करायची पत्र्याची बाटली वापरली. हाताशी आहे त्यातून गाडी उभी करायची ही रीत मला फार जवळची वाटते, आणि उद्यमनगर त्याच रीतीनं वाढलं. तुमच्या टाकीला पितळी पत्रा वापरा, पण पाइप आजचे चांगले इथेनॉल चालणारे घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. सीट आणि हत्यारांच्या पिशवीसाठी चप्पल लाइनला कातडं बघा. कोल्हापुरी चपलेचं कातडं उन्हापावसात जे रंग धरतं, तसं रेक्झिन कधीच धरणार नाही.

ब्रेकवर मात्र पैसे वाचवू नका. डबल बार सायकलीचे रॉड ब्रेक स्टीलच्या रिमवर ओले झाले की लागत नाहीत. पुढं ड्रम ब्रेकचा हब बसवा. तो बाहेरून काळा रंगवला की जुनाच वाटतो. मागच्या चाकाला 40 स्पोक असतील तर तेच ठेवा, 36 चं नवं चाक घालू नका. हेल्मेट घाला.

इंजिन विकत घेण्याआधी एक करा. पुठ्ठ्याचा तेवढाच डबा करून फ्रेममध्ये बांधा आणि पायडल फिरवून बघा, क्रँक आणि गुडघा दोन्ही लागतात का ते कळेल. पुढची तिरकी नळी आणि सीटची नळी यांच्यातलं अंतर मोजून इथं कळवलंत, तर माझ्या कव्हरचा पॅटर्न तुम्हाला बसेल का ते सांगतो. तो अजून माझ्याकडंच आहे, आणि बसत असेल तर खुशाल घेऊन जा.