केलेबोर्न की सेलेबोर्न?

दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या बाई पोरांना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची गोष्ट मराठीतून सांगताहेत. त्यांनी विचारलंय, लोथलोरिएन या एल्फांच्या (कथेतल्या अमर, माणसांसारख्या लोकांच्या) राज्याच्या सरदाराचं नाव इंग्रजीत ‘सी’ने सुरू होतं, तर केलेबोर्न म्हणायचं की सेलेबोर्न?

बाई, केलेबोर्नच म्हणा. या गोष्टीचा लेखक टॉल्किनने तिच्या तिसऱ्या खंडाच्या (१९५५) शेवटी उच्चारांचं परिशिष्टच जोडलंय. ‘सी’चा उच्चार नेहमी क. स्वरावर तिरपी रेघ असेल तर तो दीर्घ, म्हणून नूमेनोर या राज्याच्या नावातला नू लांबवायचा. ‘ए’ आणि ‘यू’ लागून आले तर ऑ नाही, आउ: साउरॉन, स्माउग.

गोष्टीतल्या बुटक्यांच्या भाषेत तर आपलं फारच सोपं आहे. तिथला ‘केएच’ म्हणजे क आणि त्याला जोडून ह. इंग्रजी वाचकाला हे समजावताना टॉल्किनला ‘बॅकहँड’ या शब्दाचा आधार घ्यावा लागला. आपल्याकडे त्यासाठी अख्खं अक्षर आहे: खझाद या बुटक्यांच्या स्वतःच्या नावातला ख हा खारीचा, खुरप्याचा ख. मात्र एल्फांच्या नावांतला ‘टीएच’ आपला थ नव्हे. जिभेचं टोक दातांत धरून हवा सोडायची, इंग्रजी ‘थिन’सारखी. लिहायला थ शिवाय इलाज नाही, तेव्हा हा एक आवाज पोरांना तोंडाने करूनच दाखवा.

स्पेलिंगवर विसंबलं की काय होतं ते विदर्भात कुणाला सांगायला नको. कामठीचं इंग्रजी स्पेलिंग वाचून बाहेरचा माणूस ‘कॅम्पटी’ म्हणतो, आणि यवतमाळचं इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग बघून ‘येओतमाल’. म्हणून आधी लेखकाने काही सांगून ठेवलंय का ते शोधा. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात (२०००) हर्मायनी एका परदेशी मुलाला स्वतःचं नाव तुकडे पाडून शिकवते. लेखिकेने वाचकांचीही सोय करून ठेवली.

जिथे लेखक गप्प आहे, तिथे तुम्ही ठरवा, पहिल्याच दिवशी फळ्यावर देवनागरीत लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. नावात कुठे जोर द्यायचा याचेही नियम त्या परिशिष्टात आहेत. वर्गात ते सोडून दिले तरी चालेल, मराठीत जोर बदलल्याने शब्द बदलत नाही. पोरांनी वऱ्हाडी हेल काढला तर खुशाल काढू द्या. फक्त केलेबोर्नचा सेलेबोर्न होऊ देऊ नका.